हजेरी

एकदऱ्याच्या बामीबायबरोबर
मी अकरा वर्षं बेंजो वाजवला.
म्हणजे ती गायची
आणि मी तिच्या मागे धावायचो.
काळी पाच, पांढरी चार, असलं काही तिच्या गावी नव्हतं.
"तुजी पेटी माज्यामागं आन," म्हणायची,
"मी पेटीमागं नाय येनार."

तिची पहिली बिदागी : एक नारळ, शेरभर तांदूळ, चोळीचा खण.
खणाचा रंग आवडला नव्हता, हे ती साठीतही सांगे.
तेव्हा ती बारा वर्षांची.
जुन्या धवलारणीच्या मागे बसून
ओळीची शेपटी तेवढी उचलायची,
जाळं ओढताना पोरांच्या हाती दोरीचं टोक देतात तसं.

म्हातारी गेली आणि पाटापुढची जागा बामीबायची झाली.
राजपुरी, नांदगाव, बोर्ली, पार कोर्लईपर्यंत
ती आल्याशिवाय हळद कुटायला घेत नसत.
आधी देव बोलवायचे, मग वेशीवरचा, मग खाडीतला,
आणि मग त्या घरातली गेलेली माणसं.
एकेकाला नावानं.
तलाठ्याच्या दप्तरात नसतील इतके मेलेले
तिला पाठ होते,
कोण पडवीत गेला, कोण पाण्यात,
कुणाला तंबाखू दिल्याशिवाय तो उंबरा ओलांडणार नाही.

एका घरी विहिरीत उडी घेतलेली सून होती.
तिची पाळी आली तसे घरचे खाकरले.
बामीबायनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.
"लगीन हाय. ती बी येल.
तिला बी हलद लागूं दे."
त्या घरानं पुन्हा बोलावलं नाही.
पाच वर्षांनी बोलावलं.

मग कॅसेट.
दादरला एका खोलीत, भिंतींना गोधड्या लावलेल्या,
काचेपलीकडचा माणूस म्हणाला,
बाई, ही नावं काढा, मध्ये ठेका भरू.
चारशे रुपये आणि दोन वडापाव.
कव्हरवर छापलं 'बामाबाई आणि पार्टी',
फोटो भलत्याच पोरीचा, लुगडंही धड नेसता न आलेली.
पार्टी म्हणजे मी.

खप भरपूर झाला म्हणतात.
तिच्याकडे टेप नव्हता.
पेणच्या एसटी कँटीनमध्ये तिनं स्वतःला पहिल्यांदा ऐकलं.
चहावर साय धरली.
"बाई बरी गाते," म्हणाली,
"पन कुनाला बोलवीत नाय."

पोरीच्या, सुगंधाच्या लग्नात
सुगंधालाच ऑर्केस्ट्रा हवा होता.
आणला.
त्यातही मीच वाजवत होतो, लाल कोट घालून.
बामीबाय भाताच्या टोपापाशी, हातात झारा.
मी तिच्याकडे बघायचं टाळलं, हे लिहून ठेवतो.

रात्री दोनला जनरेटर बंद पडला.
वीज गेली की माझा बेंजो म्हणजे फळीच.
काळोखात, मागे भांडी घासतात तिथून,
आवाज आला.
आजेसासऱ्यापासून सुरुवात होती.
कुणी बॅटरी लावली नाही.
सगळी नावं झाली, तिचा नवरा धरून,
त्याच्या नावाशी ती थोडी थांबली,
खोकला आला म्हणून असेल.
मग जनरेटर लागला आणि आम्ही कोंबडीचं गाणं घेतलं.

ती गेली त्याला आता चार शिमगे झाले.

परवा नांदगावला लग्न होतं.
डीजेवाल्याला पाच मिनिटं थांबवलं,
वर ड्रोन घोंघावत होता,
एक मुलगी मोबाइलमध्ये बघून
त्या घरची नावं म्हणत होती.
चांगलं म्हणत होती. खोटं कशाला सांगू.
यादी संपली.

मी ताट खाली ठेवून म्हटलं,
बामी. एकदऱ्याची.

"कुनाच्या घरची?" तिनं विचारलं.
मला सांगता येईना.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं,
आणि नाव घेतलं,
पट्टी थोडी वर गेली होती.
मांडीवर माझी बोटं
आपोआप तिच्या मागे निघाली.